उंदराचा एमआरआय कोण काढतं? कॅन्सर संशोधनातल्या एका न दिसणाऱ्या नोकरीची गोष्ट

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात कुणालाही विचारा, 'कामाला कुठे?' उत्तर बहुतेक वेळा स्टेशनच्या नावात मिळतं. ठाणे, घाटकोपर, दादर, सीएसएमटी. नाहीतर बदलापूर किंवा अंबरनाथची एमआयडीसी. त्यापुढे फार कुणी विचारत नाही, कारण सकाळची लोकल पकडायची असते.

आता समजा, याच गल्लीतली बीएस्सी झालेली एखादी मुलगी म्हणाली, "मी उंदरांचा एमआरआय काढते." आधी लोक हसतील. मग विचारतील, "उंदरांना काय झालंय?"

प्रश्न वाटतो तेवढा वेडगळ नाही. त्या उंदरांना कॅन्सर झालेला असतो, आणि तो मुद्दाम दिलेला असतो. माणसाला देण्याआधी एखादं औषध गाठीवर काही परिणाम करतं का, हे त्यांच्यावर पाहिलं जातं. या टप्प्याला 'प्रीक्लिनिकल' म्हणजे रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीचं संशोधन म्हणतात. त्यात एमआरआय मशीन चालवणारा तंत्रज्ञ हा अख्ख्या साखळीतला सगळ्यात कमी माहिती असलेला माणूस आहे.

सध्या त्याच्याबद्दल बोलायला एक कारणही आहे. औषधांसाठी प्राण्यांवर चाचण्या कराव्यात की नाही, यावर जगभर नियम बदलतायत. भारतातही २०२३ मध्ये बदलले. मग ही नोकरी संपणार का? की आता तिची खरी गरज लागणार? सविस्तर समजून घेऊया.

आधी आपल्या जवळचा इतिहास

भारतात कॅन्सर संशोधनाचा पाया घातला गेला तो मुंबईत, परळला. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. त्यानंतर १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. त्याचे पहिले संचालक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पीएचडी केली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन आल्या आणि परत येऊन त्यांनी इथे पेशी वाढवण्याची, म्हणजे टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास त्यांनी उंदरांवर केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलच्या पानावर त्यांचं चित्र झळकलं, तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

रणदिवे यांच्या काळात जिवंत उंदराच्या पोटात गाठ किती वाढली, हे आतून पाहायची सोय नव्हती. गाठ कातडीखाली असेल तर बोटांना लागायची, कॅलिपरने मोजता यायची. मेंदूत, यकृतात किंवा स्वादुपिंडात असेल तर उंदीर मारून, कापूनच पाहावं लागायचं.

परळची ही संशोधन संस्था २००२ मध्ये नवी मुंबईत खारघरला आली. टाटा मेमोरियल सेंटरच्या या ६० एकरांच्या आवाराला आज आपण ॲक्ट्रेक म्हणून ओळखतो. आपली हेंद्रेपाड्याची मुलगी तिथे निघाली तर बदलापूरहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बरची पनवेल गाडी आणि खारघर. रस्त्याने काटई नाका, तळोजा. दोन्हीकडून रोजचा घाम आहेच.

४ जून २०२१ ला भारतातल्या पहिल्या कार-टी उपचारांपैकी एक याच ॲक्ट्रेकमधल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या या उपचाराला, म्हणजे नेक्सकार-१९ ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. बातम्यांमध्ये आपण रुग्ण पाहिले, राष्ट्रपतींचा कार्यक्रम पाहिला. त्याआधीची प्रयोगशाळेतली आणि उंदरांवरची वर्षं बातमीत येत नाहीत. कॅन्सरचं कुठलंही नवं औषध या वाटेनेच जातं. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कॅन्सरचे १४ लाखांहून जास्त नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून जास्त मृत्यू झाले. त्यामुळे ही वाट किती खात्रीची आहे, हा फक्त शास्त्रज्ञांपुरता प्रश्न उरत नाही.

उंदरासाठी वेगळं मशीन कशाला?

हॉस्पिटलमधला एमआरआय बहुतेक वेळा १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. उंदरांसाठीची मशीन सहसा ७ टेस्ला, ९.४ टेस्ला किंवा त्याहूनही जास्त ताकदीची असतात. ७ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जवळपास दीड लाख पट.

२५ ग्रॅमच्या जिवासाठी एवढी ताकद का लागते? साधा हिशोब आहे. एमआरआयचं चित्र बारीक बारीक ठोकळ्यांचं बनलेलं असतं. माणसाच्या चित्रात ठोकळ्याची एक बाजू साधारण १ मिलिमीटर असते. उंदराच्या मेंदूतली गाठ नीट दिसायची तर ती ०.१ मिलिमीटरपर्यंत आणावी लागते. बाजू दहापट लहान केली की ठोकळ्याचं आकारमान हजारपट लहान होतं. त्यातलं पाणी हजारपट कमी, आणि एमआरआयचा संदेश तर त्या पाण्यातल्या हायड्रोजनकडूनच येतो. म्हणजे आवाज हजारपट बारीक झाला. तो ऐकायचा तर चुंबक मोठा हवा, अंगाला चिकटून बसणारी छोटी कॉइल हवी आणि वेळही जास्त द्यावा लागतो.

भारतात अशी मशीन मोजक्या ठिकाणी आहेत. दिल्लीत एम्सच्या एनएमआर विभागात ४.७ टेस्लाच्या प्राण्यांसाठीच्या मशीनवर अनेक वर्षं काम झालंय. डीआरडीओच्या इनमास या संस्थेत ७ टेस्लाचं मशीन आहे. ॲक्ट्रेकमध्ये लहान प्राण्यांच्या इमेजिंगची वेगळी सोय आहे. तिथे प्रकाश सोडणाऱ्या पेशींच्या मदतीने उंदराच्या अंगातली गाठ पाहिली जाते.

या तंत्रज्ञाचा दिवस कसा असतो?

सकाळी पहिलं काम उंदराचं नसतं, पाण्याच्या नळीचं असतं. ठरलेलं द्रावण भरलेली नळी, जिला 'फँटम' म्हणतात, ती आधी मशीनमध्ये घालतात. कालच्याइतकाच संदेश आज आला का, चित्र एका बाजूला झुकलंय का, हे तपासतात. आपला किराणावाला काटा आधी शून्यावर आणतो, तसंच हे.

मग उंदीर. त्याला एका छोट्या डब्यात ऑक्सिजनसोबत आयसोफ्लुरेन वायू देऊन गुंगी आणतात. डोळे उघडेच राहतात, म्हणून ते कोरडे पडू नयेत यासाठी मलम लावतात. नाकाशी गुंगीची नळी, पोटाखाली श्वास मोजणारी छोटी उशी, तापमानासाठी धातू नसलेली तार. गाठीचा रक्तपुरवठा पाहायचा असेल तर शेपटीच्या शिरेत बारीक नळी घालून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट द्यावं लागतं. ही शीर शिवणाच्या दोऱ्याइतकी वाटते. पहिल्या प्रयत्नात नळी जाणं हे ज्याचं त्याचं हातकसब.

मशीनमध्ये गेल्यावर मिनिटाला शेकड्यांनी पडणारे हृदयाचे ठोके आणि सतत हलणारी छाती यांच्यामुळे चित्र पुसट होतं. म्हणून श्वासांच्या मधल्या शांत क्षणीच मशीन चित्र घेईल, अशी जुळणी करतात. श्वास फार जोरात व्हायला लागला तर गुंगी कमी पडतेय, फार मंद झाला तर जास्त होतेय. तंत्रज्ञाची एक नजर चित्रावर आणि एक श्वासाच्या रेघेवर. एका उंदराला अर्धा ते एक तास लागतो. मग पुढचा उंदीर.

उंदीर थंड पडला तर काय बिघडतं?

या कामाचं सगळं महत्त्व या एका प्रश्नात आहे.

गुंगीत उंदराचं शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही. एवढासा जीव, त्यामुळे तो भराभर थंड होतो. म्हणून त्याच्याखालून कोमट पाणी फिरवतात किंवा अंगावर गरम हवा सोडतात. समजा, एखाद्या दिवशी हे नीट झालं नाही. थंड पडलेल्या उंदराच्या रक्तवाहिन्या आकसतात, ठोके मंदावतात. गाठीपर्यंत कॉन्ट्रास्ट कमी पोहोचतं. चित्रात दिसतं की गाठीचा रक्तपुरवठा घटलाय.

आता नेमकं याच प्रयोगात गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या औषधाची चाचणी चालू असेल तर? औषधाने काहीच केलेलं नसतं, पण श्रेय त्यालाच मिळतं. आलेख सुंदर दिसतो, शोधनिबंध छापला जातो, पुढच्या चाचण्यांसाठी पैसा उभा राहतो. काही वर्षांनी ते औषध कॅन्सरच्या रुग्णांना दिलं जातं आणि चालत नाही.

माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या कॅन्सरच्या औषधांपैकी ९० टक्क्यांहून जास्त औषधं शेवटच्या मान्यतेपर्यंत जात नाहीत, असं या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याची कारणं अनेक आहेत, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे उंदीर हा माणूस नाही. पण जे कारण आपल्या हातात आहे, ते म्हणजे मोजमाप. त्या मोजमापावर पहिली सही या तंत्रज्ञाची असते.

म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळेत प्रत्येक उंदराचं तापमान, श्वास, गुंगीचं प्रमाण लिहून ठेवतात. गाठ मोजणाऱ्याला कुठल्या उंदराला औषध दिलंय आणि कुठल्याला नाही, हे कळू देत नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काय काय लिहिलंच पाहिजे, याचे 'अराइव्ह' नावाचे आंतरराष्ट्रीय निकष २०१० मध्ये आले आणि २०२० मध्ये सुधारले गेले. निकष कागदावर असतात. ते पाळायचे की नाही, हे सायंकाळी सहा वाजता नवव्या उंदराच्या वेळी थकलेल्या माणसाच्या हातात असतं.

मग उंदीर वाचतात की मरतात?

दोन्ही. हे स्पष्ट सांगायला हवं. प्रयोग संपला की उंदीर मारले जातात. एमआरआयने ते टळत नाही. पण किती मारावे लागतात, हे बदलतं.

हिशोब करून पाहा. समजा, मेंदूतल्या गाठीवर औषध तपासायचंय. एक गट औषधाचा, एक बिनऔषधाचा. प्रत्येक वेळी गटामागे ८ उंदरांचं मोजमाप हवं आणि ते ५ वेळा घ्यायचंय. आत पाहायची सोय नसेल तर दर वेळी ८-८ उंदीर कापावे लागतील. एकूण ८०. एमआरआय असेल तर तेच १६ उंदीर पाचही वेळा तपासता येतात.

शिवाय तोच उंदीर पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे त्याची तुलना त्याच्याशीच होते. आकडा जास्त भरवशाचा येतो.

१९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरावेच लागले तर कमी वापरा, आणि वापरताना त्यांचा त्रास कमी करा. एमआरआय यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीला मदत करतो. गाठ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली किंवा उंदीर खायचा थांबला, तर प्रयोग तिथेच थांबवायचा असतो. रोज त्या उंदराला हातात घेणाऱ्या माणसाला हे सगळ्यात आधी कळतं. वरिष्ठ शास्त्रज्ञाला 'आता थांबायला हवं' असं सांगायची हिंमत हाही या नोकरीचाच भाग.

भारतात या प्रयोगांवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची केंद्रीय समिती लक्ष ठेवते. प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असावी लागते आणि तिच्या परवानगीशिवाय एकही उंदीर प्रयोगात घेता येत नाही.

ऑक्सिजनचं सिलिंडर आणि चार तास

या कामात धोकाही आहे. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, त्यामुळे लोकांना ते मशीन निरुपद्रवी वाटतं. पण त्याचा चुंबक दिवसरात्र चालू असतो. तपासणी संपली, दिवे गेले, रविवार असला, तरीही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲक्ट्रेकमध्येच रुग्णांच्या एमआरआय खोलीत ऑक्सिजनचं सिलिंडर गेलं आणि ते चुंबकाने खेचलं. दोन कर्मचारी मशीन आणि सिलिंडर यांच्यात सुमारे चार तास अडकून होते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात असंच सिलिंडर आत गेलं आणि रुग्णासोबत आलेल्या एका नातेवाईक तरुणाचा जीव गेला.

प्राण्यांच्या मशीनची ताकद याच्या दुप्पट-तिप्पट. आणि गुंगी द्यायला ऑक्सिजन तर लागतोच. म्हणून सिलिंडर खोलीबाहेर ठेवून लांब नळीने वायू आत आणतात. खिशातली कात्री, केसांची पिन, मोबाइल, सगळं दाराबाहेर. नवीन माणसाला पहिल्या दिवशी मशीन शिकवत नाहीत, खिसे रिकामे करायला शिकवतात.

त्यात हा चुंबक थंड राहतो तो द्रव हेलियममुळे, उणे २६९ अंश सेल्सिअसला. भारत जवळजवळ सगळा हेलियम बाहेरून आणतो. जगात कुठे पुरवठा अडला की इथे खर्च वाढतो. त्यामुळे हेलियमची पातळी पाहणं हेही रोजच्या यादीत असतं.

नियम बदलले, मग नोकरी जाणार?

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवर चाचणी केलीच पाहिजे, ही अट काढली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती केली. माणसाच्या पेशींवरच्या चाचण्या, चिपवर तयार केलेले छोटे अवयव, संगणकावरची प्रारूपं यांना त्यात जागा मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रकारच्या औषधांपासून सुरुवात करून प्राणी चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करायचा आराखडा मांडला.

यातल्या कुठल्याही नियमाने प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी घातलेली नाही. पर्याय खुले केलेत.

औषध यकृताला विषारी आहे का, हे चिपवरच्या यकृतावर कदाचित उंदरापेक्षा चांगलं कळेल, कारण त्या पेशी माणसाच्या असतात. तिथे उंदीर मागे पडावा, हे योग्यच. पण गाठ एका अवयवातून दुसऱ्यात कशी पसरते, रक्तातून गेलेलं औषध मेंदूतल्या गाठीपर्यंत पोहोचतं का, शरीराची प्रतिकारशक्ती गाठीशी कशी लढते, यासाठी अजून तरी पूर्ण शरीर लागतं.

म्हणजे पुढच्या काळात उंदीर कमी होतील, पण उरलेल्या प्रत्येक उंदराकडून जास्त आणि जास्त खात्रीची माहिती काढावी लागेल. ८० च्या जागी १६ उंदीर असतील तर त्यातलं एक मोजमाप चुकणं जास्त महाग पडतं. त्यामुळे चांगल्या तंत्रज्ञाची गरज वाढेल, असंच दिसतं.

मग या वाटेला जायचं कसं?

अडचण इथे आहे. या नावाची सरळ पदवी नाही. काम तीन धंद्यांच्या मधोमध आहे. एमआरआयचं भौतिकशास्त्र, प्राण्याची देखभाल आणि संगणकावर चित्रांचं विश्लेषण.

कुणी बीएस्सी-एमएस्सी फिजिक्स करून येतं, कुणी बायोटेक्नॉलॉजीतून, कुणी रेडिओलॉजी तंत्रज्ञानाच्या पदवीतून, तर कुणी पशुवैद्यक असतं. फिजिक्सवाल्याला उंदीर धरायला शिकावं लागतं, पशुवैद्यकाला पायथन. इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर घरबसल्या शिकता येतं आणि सुरुवात तिथून करणं शहाणपणाचं.

दुसरी अडचण पैशांची आणि मुदतीची. संशोधन संस्थांत अशा अनेक जागा प्रोजेक्टवर भरल्या जातात. नेट-गेट पात्र ज्युनियर रिसर्च फेलोला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडं मिळतं. पण प्रोजेक्ट संपला की जागाही संपते. तोवर त्या माणसाच्या हाताला शेपटीची शीर सापडायला लागलेली असते, मशीनचा बदललेला आवाज त्याला ओळखू येत असतो. तो गेला की पुढचा शून्यापासून सुरुवात करतो, आणि त्याच्या शिकण्याची किंमत उंदीर मोजतात.

संस्था मशीन विकत घेताना कोट्यवधींचा विचार करते. त्यासोबत ते चालवणाऱ्या माणसासाठी कायमची जागा, बढतीची शिडी आणि शोधनिबंधावर नाव, एवढा विचार झाला तर तेच मशीन दुप्पट उपयोगाचं होईल. आणि त्यासाठी मशीनच्या किमतीच्या मानाने फार मोठी रक्कम लागत नाही.

आपल्या हेंद्रेपाड्याच्या मुलीने ही वाट धरली, तर संध्याकाळच्या परतीच्या गाडीत ती रोजच्यासारखीच उभी असेल. तिने आज एका उंदराचं मोजमाप फेकून दिलेलं असेल, कारण मध्येच त्याचं तापमान दोन अंशांनी घसरलं होतं. आकडा हवा तसा आला होता, तरीही. ही गोष्ट कुठल्याही बातमीत येणार नाही. पण काही वर्षांनी कुणाच्या तरी घरात डॉक्टर 'नवं औषध आलंय, देऊन पाहू' असं म्हणतील, तेव्हा त्या वाक्यावर किती विश्वास ठेवायचा, हे अशाच संध्याकाळींनी ठरवलेलं असेल.